हातात गट २ चा पास आणि पुढे गट ५ ची माणसं : हा क्रम पाळायला लावतं तरी कोण?

रांगेतला

मंडळी, प्रश्न किरकोळ वाटेल, पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

मी शक्यतो जादा पैसे भरून विमानात आधी चढायची सोय घेतो. हौस म्हणून नाही. कॅमेऱ्याची बॅग डोक्यावरच्या कप्प्यात, माझ्या नजरेसमोर हवी असते, एवढंच. परवाच्या विमानात मला गट २, म्हणजे चढायच्या क्रमातला दुसरा गट, मिळाला होता. गेटवर दोन पाट्या होत्या, डावीकडे गट १-२ आणि उजवीकडे गट ३ ते ५. "फक्त गट १" अशी घोषणा झाली आणि बसलेलं अख्खं दालन उठलं. उजव्या पाटीखाली कोणी नाही, सगळे डावीकडे. माझ्यापुढे गळ्यात निळी उशी अडकवलेला एक गृहस्थ होता. त्याच्या फोनवर मोठ्या अक्षरात ५ लिहिलेलं मला स्पष्ट दिसत होतं. त्याने फोन यंत्रावर धरला, हिरवा दिवा लागला आणि तो आत गेला. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "अहो, ते गट पाचचे होते." ती म्हणाली, "सर, तुमचा पास?"

आत गेलो तर माझ्या १४ व्या रांगेवरचा कप्पा गच्च भरलेला. बॅग २३ व्या रांगेवर ठेवावी लागली. उतरताना मागची सगळी माणसं बाहेर पडेपर्यंत मी १४ व्या रांगेत वाट बघत उभा.

त्या यंत्राला माझा गट कळत नाही का? कळत असेल तर हिरवा दिवा कसा लागतो? की गट ही नुसती छापायची गोष्ट आहे? विमान कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा अनुभव मला एकाच कंपनीत आलेला नाही. आतल्या गोटातलं कोणी असेल तर कृपया लिहा.

---

गेटबाई

आतल्या गोटातलीच आहे. नऊ वर्षं गेटवर उभी होते. आता दुसऱ्या खात्यात आहे, त्यामुळे मोकळेपणी लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

आधी यंत्राचं बघू. पासावरच्या ठिपक्यांच्या चौकोनात तुमचं नाव, आरक्षणाचा क्रमांक, विमानाचा क्रमांक, आसन आणि चेक-इनचा अनुक्रमांक असतो. यंत्र ते वाचतं आणि कंपनीच्या प्रणालीला विचारतं. हा माणूस याच विमानाचा का? आजचाच का? या पासावर आधीच कोणी आत गेलंय का? कागदपत्रं तपासायची राहिलीत का? आसन बदललंय का? यातलं काही अडलं तर लाल दिवा आणि तो घसा बसल्यासारखा आवाज. तुमचा गटही प्रणालीत असतो, पण बऱ्याच ठिकाणी त्यावरून लाल दिवा लागावा अशी व्यवस्थाच केलेली नसते. या माणसाला या विमानात बसायचा हक्क आहे का, एवढंच ते यंत्र बघतं. आत्ता आहे का, हे बघायचं काम माणसाकडे ठेवलेलं असतं. म्हणजे माझ्याकडे.

अवांतर : पासावर 'सीक्वेन्स' म्हणून जो आकडा असतो, तो चढायचा क्रम नव्हे. तो तुम्ही कितवे चेक-इन केलंत त्याचा आकडा. एक आजोबा माझ्याशी चांगले पाच मिनिटं भांडले होते. त्यांच्या पासावर ००४ होतं, म्हणजे चौथे आपण. चेक-इनची खिडकी उघडल्या उघडल्या पहाटे उठून त्यांनी पास काढला होता आणि त्याचं काहीतरी बक्षीस मिळायला हवं असं त्यांचं म्हणणं होतं. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. पण गट ४ होता.

आता हिशेब. १८० जणांचं विमान. दारं उघडतात सुटायच्या साधारण ४० मिनिटं आधी, गेट बंद होतं १५ मिनिटं आधी. हातात उरली २५ मिनिटं, म्हणजे माणशी आठ सेकंद. गेटवर आम्ही दोघी. एक पास बघणार. दुसरीच्या मागे प्रतीक्षायादीवरचे प्रवासी, चाकाची खुर्ची, बॅगांना चिठ्ठ्या लावणं आणि शेवटी आकडा जुळत नसेल तर न आलेल्याच्या नावाने पुकारा करणं. यात निळ्या उशीवाल्याला मी म्हटलं, "सर, तुमचा गट अजून आला नाही," की तो म्हणणार, "मला ऐकू आलं नाही", "माझी बायको पुढे गेलीये", "मागच्या वेळी तर सोडलं होतं". यातलं शेवटचं हमखास खरं असतं. मग त्याने चाकाची बॅग वळवायची आणि दोरीच्या अरुंद वाटेतून मागच्या तीस माणसांना ओलांडत उलटं जायचं. चाळीस सेकंद गेले, म्हणजे पाच माणसांचा वेळ.

आणि विमान उशिरा सुटलं तर कारण लिहावं लागतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत उशिराच्या कारणांना दोन आकडी क्रमांक आहेत. १५ नंबर म्हणजे प्रवासी चढवताना झालेला घोळ. तो १५ लागला की दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मी उभी. क्रम मोडला म्हणून लावायचा क्रमांक त्या यादीत नाही. तेव्हा आठ सेकंदांत मी काय निवडणार? हिरवा दिवा लागलाय, जा बाबा आत.

पण म्हणून काहीच करता येत नाही असं नाही. मला कामाला लागल्यावर तिसऱ्या वर्षी एका सीनियर बाईंनी शिकवलं ते सांगते. क्रम यंत्रापाशी नाही, त्याच्या दहा मिनिटं आधी लावायचा. घोषणेच्या आधी रांगेच्या कडेने चालत जायचं आणि प्रत्येकाला साध्या आवाजात विचारायचं, "तुमचा गट कुठला?" आरोप नाही, चौकशी. निम्मे लोक स्वतःच फोनकडे बघून "अरे, चार आहे" असं म्हणत बाजूला होतात. ते खोटं बोलत असतात असं नाही. सगळे उठले म्हणून तेही उठलेले असतात.

त्यातूनही यंत्रापर्यंत जो पोचला, त्याला मागे पाठवायचं नाही. "इथे माझ्याजवळ थांबा, तुमचा गट पुकारला की पहिले तुम्हालाच घेते." बस. त्याला उलटं जावं लागत नाही, चारचौघांत पाणउतारा होत नाही, भांडायला मुद्दा उरत नाही. तो फक्त खांबासारखा उभा राहतो आणि मागच्या रांगेला दिसत राहतो. असा एक जण उभा केला की मागचे सात-आठ हळूच पाण्याची बाटली भरायला जातात. माझ्या नऊ वर्षांत याहून गुणकारी काही सापडलं नाही.

आता हे काम यंत्रावर टाकायला सुरुवात झालीये. अमेरिकन एअरलाइन्सने २०२४ च्या शरद ऋतूत आधी अल्बुकर्की, टूसॉन आणि वॉशिंग्टनचा रेगन विमानतळ या तीन ठिकाणी करून पाहिलं. गट पुकारायच्या आधी पास धरला की यंत्र वाजतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात शंभरावर विमानतळांवर सुरू केलं. यातली मेख अशी की यंत्र प्रवाशाला अडवत नाही. आवाज होतो, पडद्यावर दिसतं, आणि तरीही आत सोडायचा अधिकार गेटवरच्या माणसाकडे राहतो. मला हे पटलं. कारण आता 'नाही' मी म्हणत नाही, यंत्र म्हणतं, आणि यंत्राशी कोण भांडणार?

तो अधिकार ठेवायलाच हवा, कारण तुम्हाला फोनवर दिसलेला ५ म्हणजे सगळं नव्हे. आधीचं विमान चुकल्यामुळे ऐनवेळी या विमानात घेतलेले असतात, त्यांच्या पासावर वाटेल तो गट पडतो. आई गट १ मध्ये, पोरगं गट ५ मध्ये, असंही आरक्षण होतं. आता पोराला एकट्याला मागे ठेवू? तुमचा निळी उशीवाला यातला होता की नुसताच घुसला, मला माहीत नाही. माझा अंदाज विचाराल तर घुसला.

---

शून्यशेष

गेटबाई, प्रतिसाद आवडला. थोडं गणित जोडतो.

बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं की क्रम पाळला की विमान लवकर भरतं. तसं नाही. गटांचा क्रम वेगासाठी आखलेलाच नसतो. पुढच्या वर्गाचे, नेहमीचे, कार्डवाले, पैसे भरलेले, मग बाकीचे. हा मानाचा क्रम आहे.

वेगाचा अभ्यास जेसन स्टेफन नावाच्या खगोलभौतिकीच्या माणसाने केला. त्याचा लेख २००८ चा. तो तेव्हा फर्मीलॅब या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ग्रहांवर वगैरे काम करत होता आणि विमानाच्या रांगेत उभं राहून वैतागला होता. त्याचं म्हणणं असं की वेळ यंत्रापाशी जात नाही, मधल्या वाटेत जातो. एक जण बॅग वर ठेवत असतो आणि त्याच्यामागे वीस जण नुसते उभे. तेव्हा एकाच वेळी जास्तीत जास्त लोकांना बॅगा ठेवता येतील असे विखरून सोडा. खिडकीवाले आधी, तेही एकआड एक रांगेतले, मागून पुढे.

मग २०११ मध्ये त्याने आणि एका दूरचित्रवाणी निर्मात्याने विमानाच्या नकली सांगाड्यात ७२ माणसं खरोखर चढवून पाहिली. १२ रांगा, प्रत्येकी सहा आसनं. मागचा गठ्ठा, मग पुढचा गठ्ठा अशी रांगांच्या गठ्ठ्यांची पद्धत ६ मिनिटं ५४ सेकंद. नेमकं मागून पुढे ६:११. खिडकी-मधलं-कडेचं (म्हणजे मधल्या वाटेलगतचं) ४:१३. स्टेफनची ३:३६. आणि कसलाच क्रम नाही, ज्याला जसं जायचं तसं जा, ४:४४!

म्हणजे सगळ्यांना शहाणपणाची वाटणारी 'मागचे आधी' पद्धत गोंधळापेक्षा हळू. कारण उघड आहे. २० ते ३० रांगांवाले सगळे एकदम सोडले की ते सगळे एकाच तुकड्यात एकमेकांच्या अंगावर बॅगा उचलणार आणि विमानाचा पुढचा भाग रिकामा.

युनायटेडने ऑक्टोबर २०२३ पासून साध्या वर्गात खिडकी-मधलं-कडेचं हा क्रम पुन्हा सुरू केला. दोन मिनिटांपर्यंत वाचतात असं त्यांचं म्हणणं. पण तिथेही मानकरी आधीच आत गेलेले असतात, हा क्रम उरलेल्यांचा.

तेव्हा निळी उशीवाल्यामुळे विमानाला एक सेकंदही उशीर झाला नाही. तुमचं नुकसान झालं, विमानाचं नाही. (ह. घ्या.)

---

रांगेतला

शून्यशेष, हलकं घेतलं. पण मग मी पैसे कशाचे भरले?

---

गेटबाई

कप्प्याचे. आसन तुमचं पक्कं असतं, कप्पा कोणाचाच नसतो. या सगळ्या धक्काबुक्कीचं मूळ तिथे आहे.

२००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने विमानाच्या पोटात टाकायच्या पहिल्याच बॅगेवर शुल्क लावलं, पाठोपाठ तिथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी लावलं. मग माणूस काय करणार? बॅग वर घेणार. कप्पे तेवढेच, चाकाच्या बॅगा दुप्पट. जो आधी चढला त्याचा कप्पा. आणि मग 'आधी चढणं' हीच विकायची वस्तू झाली. रायनएअरने २०१८ मध्ये तर ते उघडच केलं. आधी चढायचे पैसे भरणाऱ्यालाच मोठी बॅग आत न्यायला मिळते.

बोइंगने मधल्या काळात नवे कप्पे काढले, बॅग आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची. चारच्या जागी सहा मावतात. ज्या विमानात ते आहेत तिथे गेटवर धक्काबुक्की निम्म्यावर येते, हा माझा स्वतःचा अनुभव, मोजलेला नाही. पण प्रवासी सवयीने बॅग आडवीच टाकतात आणि हवाईसुंदरी मागून फिरून उभ्या करत बसते.

---

गुडघेदुखी

मी यातली दुसरी बाजू सांगते. वय ३८. कंबरेच्या सांध्याचा आजार आहे. बसलेली असताना कोणालाही धडधाकट दिसते. बॅग डोक्यावर उचलता येत नाही आणि मागून कोणी ढकललं तर तोल जातो. त्यामुळे गट १ च्याही आधी, "ज्यांना मदत हवी त्यांनी यावं" म्हटल्यावर उठते.

उठले की मागून नजरा. एकदा एक बाई शेजारणीला माझ्यादेखत म्हणाल्या, "चालता तर येतंय." मी काही बोलले नाही, पण पूर्ण प्रवासभर ते वाक्य कानात.

रांगेतला, तुमचा राग मला समजतो, पण दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावून न्याय करायला लागलात की त्यात माझ्यासारखेही सापडतात. माझ्याही पासावर गट ४ च असतो.

---

गेटबाई

गुडघेदुखी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

बाकीच्यांसाठी : अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम असा आहे की अपंगत्वामुळे चढायला जास्त वेळ किंवा मदत लागते असं प्रवाशाने स्वतः गेटवर सांगितलं, की त्याला इतरांच्या आधी सोडायचं. "तुमच्याकडे बघून वाटत नाही" असं म्हणायची सोय त्यात नाही.

आणि चाकाच्या खुर्चीतून आले, दारात उठून चालत गेले, म्हणून 'नाटक' म्हणणाऱ्यांसाठी. आमच्याकडे खुर्चीच्या मदतीचे तीन प्रकार नोंदवलेले असतात. एकात माणूस जिना चढू शकतो, आसनापर्यंत चालू शकतो, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. दुसऱ्यात जिना चढता येत नाही. तिसऱ्यात आसनापर्यंत उचलूनच न्यावं लागतं. पहिल्या प्रकारचा माणूस दारात उठून चालणारच, त्याची नोंदच तशी आहे. खोटी खुर्ची मागणारे नसतात असं नाही म्हणत. उतरल्यावर खुर्चीची वाट न बघता तुरुतुरु चालत गेलेले मीही पाहिलेत. पण ते ओळखायचं काम रांगेतल्या माणसाचं नाही, आणि आठ सेकंदांत माझंही नाही.

---

रांगेतला

गुडघेदुखी, मुद्दा मान्य. फोनमध्ये डोकावलो ते चुकलंच. त्याने तो अगदी माझ्या नाकासमोर धरला होता हे खरं, पण तरी.

गेटबाई, दोन शंका राहिल्या. एक, बस लागते तेव्हा काय? आधी सोडतात, बसमध्ये आधी चढतो, आणि विमानापाशी उतरताना सगळ्यांच्या मागे असतो. दोन, पुढच्या वेळी असं झालं तर मी नेमकं कोणाला आणि काय म्हणू?

---

गेटबाई

बसमध्ये क्रम मेला, सरळ सांगते. आधी चढणारा आत आत ढकलला जातो, शेवटी दाराला लटकलेला पहिला उतरतो. काही ठिकाणी आधीच्या गटांची बस वेगळी सोडतात, तेवढाच उपाय. त्यातही पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना जिने लावले असतील तर उतरायच्या आत तुमची रांग कुठल्या दाराला जवळ ते बघून ठेवा. १४ वी म्हणजे बहुतेक पुढचं दार. चुकीच्या दाराने शिरलात तर मधल्या वाटेत समोरून येणारी फौज भेटते आणि मग कोणीच हलत नाही. बसमध्ये आत जाऊ नका, दाराशी उभे राहा. लोक "आत सरका" म्हणतील. सरकू नका. (हे गेटबाई म्हणून नाही, प्रवासी म्हणून.)

दुसरं. पास बघणारीला काही सांगू नका, तिच्या हातात ते आठ सेकंदच आहेत. तिच्या शेजारी जी दुसरी उभी असते तिला, तेही दार उघडायच्या आधी, जाऊन विचारा, "गट २ ची रांग कुठली? मला इथे सगळे गट दिसतायत." तक्रार नाही, प्रश्न. ती उठून रांगेच्या कडेने एक फेरी मारेल. दहातल्या सहा जणी तरी मारतील. एकदा पास वाचायला सुरुवात झाली की मग देवाचं नाव घ्या.

आणि कॅमेरा आहे म्हणालात म्हणून. कप्पे भरले की गेटवरच मोठ्या बॅगांना चिठ्ठी लावून पोटात टाकतात. तशी वेळ आली तर बॅग देण्याआधी सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक काढून हातात घ्या. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या पोटात चालत नाहीत. गेटवर अर्धी बॅग उपसून मोज्यांखालून बॅटऱ्या शोधणारे रोज दिसायचे, आणि मागे रांग. तुमच्याकडे किती आहेत?

---

रांगेतला

चार. आणि हो, मोज्यांखालीच आहेत. आजच वेगळ्या पाऊचमध्ये काढून बाहेरच्या खणात ठेवतो.